ठमीच्या पिंजऱ्यातला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. लगेच नाकं मुरडू नका. ट्रकचा टायर आहे, सायकलचा नव्हे. एका प्राणिसंग्रहालयात, अस्वलाच्या पिंजऱ्यात, मी जाड साखळीला लटकतो आहे. टायरनं पळायचं असतं, लटकायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको. पण माझं ऐकतंय कोण! मला तोंड नाही. मधोमध एक मोठं भोक आहे, पण त्यातून आजवर एक शब्द बाहेर पडलेला नाही. आज बोलतोय ते पाणी डोक्यावरून गेलं म्हणून.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळ्या रबराचे थर, आत तारांची जाळी, आणि मग तापलेल्या साच्यात दाबून भाजणं. बाहेर आलो तेव्हा अंगाला असा वास होता, की मलाच शिंका याव्यात. तिथून मी एका ट्रकला लागलो, मागच्या बाजूला, डावीकडे. आमचा ड्रायव्हर मोठा बडबड्या माणूस होता. रोज सकाळी तो लोखंडी दांडकं घेऊन आम्हा सगळ्या टायरांना एकेक ठोका द्यायचा आणि आवाजावरून आमची तब्येत ओळखायचा. मला ठोकून झालं की म्हणायचा, "हा माझा भरवशाचा गडी!" त्या एका वाक्यावर मी दिवसभर खड्डे सोसायचो. घाट चढलो, पूल ओलांडले, चिखलात रुतलो, बाहेर आलो. नक्षी झिजली तेव्हा वरून नवी पट्टी चढवून घेतली आणि पुन्हा पळालो.

मग एकदा ती पट्टीही उडाली. ड्रायव्हरनं मला गॅरेजच्या मागं टाकलं, हात झटकले, आणि वळूनही बघितलं नाही. गरज सरो, वैद्य मरो! पावसाचं पाणी पोटात साचलं, डासांनी त्यात संसार थाटले. अशा अवस्थेत प्राणिसंग्रहालयाची गाडी आली. कुणीतरी म्हणालं, "अस्वलाला खेळायला काहीतरी पाहिजे, हा टायर बरा आहे." खरं सांगतो, मी हरखलो. मला धुतलं, पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला भोकं पाडली आणि इथं आणून टांगलं.

इथं मला ठमी भेटली.

ठमी ही अस्वलीण. ती बारकं पिल्लू असताना एका शेताच्या कडेला सापडली होती. आई माणसांना घाबरून पळाली, पिल्लू मागं राहिलं. लोकांनी उचलून इथं आणलं म्हणून जगली. हे पुण्याचंच काम झालं, मी नाही म्हणत नाही. पण बुडत्याला पाण्यातून ओढून काढलं, म्हणून काय जन्मभर त्याचा दंड धरून ठेवायचा?

ठमीला वाढवलं ते तात्यांनी. तात्या म्हणजे या पिंजऱ्याचे रखवालदार. त्यांनी तिला बाटलीनं दूध पाजलं, ती आजारी पडली तेव्हा इथंच सतरंजी टाकून झोपले. प्रत्येक घास ते स्वतःच्या हातानं भरवायचे. केळं सोलून, रताळं उकडून, मधात बोट बुडवून. त्यांची छाती फुगायची ती एकाच गोष्टीनं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, "माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही हो ही. मी रजेवर गेलो की उपाशी राहते!" लोक म्हणायचे, "वा, काय माया आहे!" मलाही ते ऐकून बरं वाटायचं. मी टायर, मला काय कळतंय!

आता नाचाचं सांगतो. जेवण झालं की ठमीला दिवसभर दुसरं कामच नसायचं. मला चार धक्के देऊन झाले, की ती त्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची आणि डोलायला लागायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. फरशी त्या जागी गुळगुळीत झाली आहे. आणि बाहेर गर्दी! "अगं बाई, नाचते बघ कशी!" टाळ्या, शिट्ट्या, कुणी मोबाइलवर गाणं लावायचं. प्राणिसंग्रहालयाच्या आमच्या मोठ्या साहेबांनी तर मोठी पाटी रंगवून घेतली, 'नाचणारी अस्वलीण', आणि बाण काढून फाटकापासून रस्ता दाखवला.

मित्रांनो, मी साखळीला टांगलेला होतो, पण डोळे झाकलेले नव्हते. ट्रक जागेवर उभा असला की इंजिन कसं नुसतंच घरघरतं, तसं ते डोलणं होतं. त्यात नाच कसला आलाय डोंबलाचा! मी ओरडून सांगणार होतो. पण कशानं ओरडू?

सांगितलं ते जनावरांच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी. त्या आल्या, गर्दीत मागं उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं, आणि गर्दी हटल्यावर तात्यांना म्हणाल्या, "तात्या, ही नाचत नाही. ही कंटाळून, कोंडून आजारी पडलीय."

तात्या भडकले. "मॅडम, तुम्ही काल आलात. मी हिला बाटलीनं दूध पाजलंय. मला शिकवता?"

"तुम्ही पाजलंत म्हणूनच तुम्हाला सांगते," बाई म्हणाल्या. "अशा अस्वलांसाठी कुंपण घातलेलं एक मोठं जंगल आहे. एकदम मोकळं सोडलं तर ही जगणार नाही, पण तिथं जगेल. झाडं आहेत, माती आहे, वारुळं आहेत. ते हिला घ्यायला तयार आहेत. अट एकच. तिथं कुणी भरवत नाही. खाणं लपवून ठेवतात, अस्वलानं ते हुडकून खायचं. हिला स्वतःचं स्वतः खाता आलं पाहिजे."

आणि मग बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या टायरपासून सुरुवात करू."

मी इतका खूश झालो, की वारा नसताना हललो असेन. खाणं माझ्या पोटात, आतल्या खाचेत लपवायचं ठरलं. कडेला मध चोपडायचा, ठमीनं वास काढत यायचं. पहिल्याच दिवशी रताळी, खजूर, सगळं भरलं. ठमी आली, मला हुंगलं, आणि मग मागच्या गजांपाशी जाऊन बसली. तात्यांच्या हाताची वाट बघत.

आणि तात्यांनी काय करावं? बाईंची पाठ वळली, की हे गृहस्थ मागच्या गजांतून सोललेलं केळं आत सरकवायचे! "खा गं बाय, खा. त्यांना काय जातंय सांगायला." रोज तेच. मी भरलेल्या पोटानं लटकतोय, माझ्यावर मुंग्यांची रांग लागलीय, आणि समोर हा चोरटा लाड चाललाय. बाई कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, "शिकत कशी नाही ही?" अहो, शिकेल कशी! विचारा की त्या केळेवाल्याला! मनात आलं, साखळी तोडावी आणि गडगडत जाऊन तात्यांच्या पायावर पडावं. तेवढंच तर मला येतं. पण साखळी चांगली मजबूत निघाली.

शेवटी तात्यांची बायको आली. ते डबा विसरले होते, म्हणून ती देऊन जायला आली आणि नेमकं केळं सरकवताना तिनं बघितलं.

"अहो, हे काय करताय?"

"तिला भूक लागलीय."

"आणि वर्ष संपल्यावर तुम्ही निवृत्त होऊन घरी बसणार. मग हिला कोण भरवणार?"

तात्यांनी केळ्याचं साल खिशात कोंबलं.

"मोठ्या कौतुकानं सांगत फिरता, माझ्याच हातचं खाते म्हणून. एवढा लळा लावलात, तर आता तो सोडवायचासुद्धा तुम्हीच. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." डबा कट्ट्यावर ठेवून ती निघून गेली.

तात्यांनी तो डबा उचलला. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या गजांपाशी आले नाहीत.

ते दिवस आठवले तरी माझं रबर आकसतं. ठमी जेवायच्या वेळेला गजांपाशी जायची, नाक बाहेर काढायची, आणि हात आला नाही की असा काही टाहो फोडायची! तात्या पलीकडच्या खोलीत, जनावरांचं खाणं शिजवतात तिथं, दोन्ही कान दाबून बसायचे. मला भिंतीतल्या खिडकीतून दिसायचे. मलाही वाटायला लागलं होतं, मरू दे ते जंगल, द्या बिचारीला एक केळं.

मग एका दुपारी ती उठली. माझ्यापाशी आली. हुंगलं. मागच्या दोन पायांवर उभी राहून तिनं पंजा माझ्या पोटात घातला आणि एक खजूर ओढून काढला. मग दुसरा. मग मला पुढच्या पायांत धरून, उलटंसुलटं करून, जीभ लांब करून आतला मध चाटायला लागली. माझ्या उघड्या पडलेल्या कडांना गुदगुल्या होत होत्या. ड्रायव्हरनं केलेलं सगळं कौतुक एका बाजूला आणि तो पंजा एका बाजूला.

डॉक्टरीणबाई तात्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "बघा. शोधत असताना एकदा तरी डोललीय का?"

तात्यांनी बघितलं. "नाही," म्हणाले. आणि मग हळूच, "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांबरोबर टाळ्या वाजवत होतो तर."

आता पाठवायचं, एवढंच राहिलं होतं. पण साहेब म्हणाले, "आत्ता नाही. सुट्ट्या तोंडावर आल्यात, लोक खास नाच बघायला येतात. आणि मुलांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटायचं कसं, प्राणी दिसलेच नाहीत तर?"

घ्या! मित्रांनो, मी रागानं तापलो. काय शिकत होती मुलं इथं? आजारी जनावर डोलायला लागलं की टाळ्या वाजवायच्या, हे शिकत होती! याला प्रेम म्हणतात? आणि ठमी? एकदा भरवलेला टायर चाटून झाला की पुन्हा त्याच कोपऱ्यात उभी. एका टायरनं जंगलाची भूक भागत नाही. मी माझ्याकडून होईल तेवढं केलं, पण मी म्हणजे शेवटी एक भोक पडलेलं रबर.

सुट्ट्यांत गर्दी लोटली. तात्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि टाळी वाजली की म्हणायला लागले, "टाळ्या नका वाजवू. नाचत नाहीये ती. बरं नाहीये तिला."

लोक चिडले. "आम्ही तिकीट काढून आलोय!" एक गृहस्थ तर साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. पण एका छोट्या मुलीनं तात्यांना विचारलं, "बरं नाहीये, तर तिला औषध का नाही देत?"

"औषध आहे गं बाळा. पण ते इथं मिळत नाही."

"मग तिला तिकडे न्या की!"

त्या मुलीनं आईचा हात ओढला. "चल, मला नाही बघायचं." आणि ती निघाली. तिच्यामागं आणखी दोघंचौघं निघाले.

साहेबांनी तात्यांना बोलावून झाप झाप झापलं. तात्या ऐकून आले आणि पुन्हा कठड्यापाशी उभे राहिले. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. माणसं यायची, बघायची, त्यांचे चेहरे पडायचे, ती पुढे जायची. नाच म्हणून बघणं सोपं होतं, आजार म्हणून बघवेना. आणि मग एके दिवशी साहेब म्हणाले, "द्या पाठवून. तसंही तिथं आता कोण थांबतंय!"

ऐकलंत ना? तिची दया आली म्हणून नाही, गर्दी आटली म्हणून. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण म्हटलं, जाऊ दे, जाते आहे ना!

न्यायच्या सकाळी मोठी पेटी पिंजऱ्याच्या दाराला लावली. आत खाणं लपवलेलं. डॉक्टरीणबाईंनी तात्यांना विचारलं, "तुम्ही निरोप देणार ना?"

"मी दिसलो तर ती आत जायची नाही," तात्या म्हणाले. आणि ते फाटकाच्या पलीकडे, वारा उलट्या दिशेनं वाहतो तिथं जाऊन उभे राहिले. तिला त्यांचा वाससुद्धा येऊ नये म्हणून.

ठमीनं पेटी हुंगली. मागच्या गजांकडे एकदा बघितलं. मग वास काढत काढत आत गेली. दार पडलं. ट्रक सुरू झाला, आणि त्याच्या टायरांचा आवाज ऐकून मी मनात म्हटलं, जपून न्या रे भावांनो.

तात्या आले तेव्हा पिंजरा रिकामा होता. "गेली?"

"गेली."

"गजांपाशी आली होती?"

बाईंनी मागच्या गजांकडे बघितलं. "नाही," म्हणाल्या. "सरळ आत गेली."

"बरं झालं," तात्या म्हणाले, आणि मला धरून खाली बसले.

आता ती वारुळं उकरते म्हणे. संध्याकाळी कधीकधी अजून डोलते, पण कमी. तात्या घरी असतात. बायको म्हणते, जाऊन बघून तरी या. ते जात नाहीत. त्यांना बघितलं, तर ती कुंपणापाशी येऊन बसेल.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर मी तोंड उघडलं नसतं. पण काल पिंजऱ्यात रंगारी आले. गजांना हिरवा रंग दिला. साहेब म्हणाले, "पिंजरा ओस पडलेला बरा दिसत नाही. नवीन पिल्लू येतंय. टायर तेवढा राहू दे."

म्हणून तुमच्या पाया पडतो. मला पाय नाहीत, हात नाहीत, तरी पडतो. आजवर टायर म्हणून जे जे मागितलं, ते कुणी ऐकलं नाही. एवढं एक ऐका. जखमी पिल्लू सापडलं तर जरूर वाचवा, पण मग त्याला जिथं जगता येईल तिथं पोचवा. या हिरव्या गजांमागं आणू नका. तुम्ही बघायला आला नाहीत, तर साहेब आणणार नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला एकटं टाकू नका. मी उलटं सांगतो. मला इथं एकट्याला लटकू द्या. गंजू दे साखळी, चिरू दे रबर. मला सोबत नको.