पिवळं भूत

तासगावजवळच्या बेदाणा शेडपुढं अर्धा गाव जमला होता. आत अंकिताला कोंडलं होतं. बारावीतली पोरगी. दर महिन्याला पाळी जवळ आली की चिडायची, रडायची, जेवण टाकायची. बुवांनी निदान केलं होतं : बाहेरची बाधा.

"माझा अंगारा खाल्ल्यापासनं हिची लघवी पिवळीजर्द हुतीया, व्हय का न्हाई?" बुवा गरजले. "भूत गळतंय ते! पर मूळ आत हाय. बेदाण्याला देता तशी गंधकाची धुरी द्या!"

लोकांनी हात जोडले.

"आबा, मला दमा हाय... मी मरंन ओ!" आतून अंकितानं वडिलांना हाक मारली.

"ती न्हाई, भूत बोलतंय," बुवा म्हणाले. "पेटवा."

अंकिताचे वडील भाऊसो गंधकाच्या घमेल्यापाशी बसले. काडी तीनदा विझली.

तेवढ्यात अंकिताची आई संयोगिता शहरातल्या विश्रामबाग भागातल्या डॉक्टर प्रियदर्शनींना घेऊन धावत आली. संयोगितानं घमेलं लाथेनं उडवलं.

"आवं, आज सकाळी तुमची लघवी कशी झाली, सांगा की समद्यांना!"

भाऊसोंचा चेहरा उतरला. "पिवळीजर्द," ते पुटपुटले. "वाटलं, भूत माझ्यात शिरलं. भ्यालो, बोललो न्हाई."

"डॉक्टरांनी सांगितलं तसं रातच्याला तुमच्या दुधात तोच अंगारा घातला मी. बुवा, आता ह्यांनाबी आत घालता का?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बुवा चपला शोधू लागले.

डॉक्टरांनी अंगाऱ्याची पुडी हुंगली. "संशय होताच, वासही तोच. राखेत ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा चुरा आहे. त्यातलं रायबोफ्लेविन जादा झालं की कुणाचीही लघवी पिवळी होते."

"पर अंगारा दिला की दर महिन्याला पोरगी शांत हुतीया, ती कशी?" एका म्हातारीनं विचारलं.

"पाळी सुरू झाली की हा त्रास आपोआप ओसरतो, मावशी. नाव मात्र अंगाऱ्याचं होतं."

भाऊसोंनी कडी काढली. अंकिता बाहेर आली ती सरळ आईकडं गेली. वडिलांकडं तिनं पाहिलंही नाही.

पाळीआधीचा त्रास खरा असतो. तो शरीराचा आहे, भुताचा नाही. कॅल्शियमसारख्या पूरक गोळ्यांनी काहींना थोडा आराम पडतो, सगळ्यांना नाही. कोणती घ्यायची आणि किती, ते डॉक्टरांना विचारावं. बंद शेडमधला गंधकाचा धूर दमेकऱ्याचा जीव घेतो. त्या दिवशी काडी पेटली असती, तर आतली पोर ओरडायची थांबली असती आणि बाहेर सगळे म्हणाले असते, भूत उतरलं.