धुळाजीच्या गोळ्या

"शुगरच्या गोळ्या कुनाच्या हायेत ह्या?"

हात धुवायला म्हणून पुष्पाबाई मागच्या पडवीत गेल्या होत्या. देवळीतलं गोळ्यांचं पाकीट हातात घेऊनच त्या बाहेर आल्या. दहापैकी तीन गोळ्या खपलेल्या. बैठकीतले चारही पाहुणे त्यांच्या हाताकडे पाहायला लागले. त्यांचा मुलगा रामेश्वर, ज्याच्यासाठी मुलगी पाहायला हे लोक वाटूरहून आष्टीला आले होते, तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता.

"आमच्या मालकांना ह्याच होत्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "मरेस्तोर घेतल्या त्यांनी. म्हणून वळखल्या."

आत चुलीपाशी आसराबाईच्या हातातली पोह्यांची ताटली तिथंच थांबली. दाराच्या आड तिची लेक अंजू उभी होती. गोळ्या अंजूच्या होत्या.

दोन महिन्यांपूर्वी धुळाजी लेकीला घेऊन जालन्याला डॉक्टरीण बाईंकडे गेला होता. अंजूची पाळी चार-चार महिने यायची नाही, आणि मानेवर घासूनही न जाणारा काळा पट्टा आला होता. डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "हिला शुगर झालेली नाही, पण ती काठावर आहे. अंगात इन्सुलिन भरपूर आहे, शरीर त्याचं ऐकत नाही." धुळाजीनं अर्धं आयुष्य मेंढरामागं काढलं होतं, त्यामुळे त्याला ते लगेच उमगलं. "म्हंजी हाक हाय, पर मेंढरं कान देत न्हाईत." बाई हसल्या. म्हणाल्या, "तसंच. या गोळीनं ती कान देतील. रोज एक, जेवल्यावर. आणि चालायचं. आत्ताच आवरलं तर पुढची शुगर टळेल, पाळीही येईल."

एवढी साधी गोष्ट. पण ती राजूरच्या पाहुण्यांच्या कानावर गेली तेव्हा तिचं वेगळंच काही झालं. पोरीला शुगर आहे, पोरीला मूल व्हायचं नाही, असं म्हणून त्यांनी ठरत आलेली सोयरीक मोडली होती. वाटूरचं हे दुसरं स्थळ. हेही गेलं असतं, तर तिसरं कुणी उंबऱ्यावर आलं नसतं.

धुळाजी उठला. पुष्पाबाईंच्या हातातून पाकीट घेतलं.

"माझ्या हायेत, ताई."

"तुमच्या?"

"मंग! वय झालं का न्हाई आता."

आणि कुणाला शंका राहू नये म्हणून त्यानं एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि तांब्यातल्या पाण्यानं गिळली.

"उपाशीपोटी?" पुष्पाबाई म्हणाल्या. "आमचे मालक जेवल्यावर घ्यायचे."

"मला असंच सांगितलंय."

"किती ऱ्हाती शुगर?"

धुळाजी दोनशे मेंढरं नावानिशी ओळखायचा, पण हा आकडा काही त्याला ठाऊक नव्हता. तो टोपी सारखी करत राहिला. दाराआडून अंजूचा आवाज आला, "उपाशीपोटी एकशे चौदा."

"एवढीच व्हय!" पुष्पाबाईंनी मांडी घातली. "ही तर काठावरच हाय. काई भिऊ नका, पाव्हणं. लवकर सावध झाले ते बेस झालं."

अंजूनं ते ऐकलं. तिचाच आकडा, आणि धीर मिळाला बापाला.

मग चहा आला. धुळाजीचा चहा साऱ्या आष्टीला माहीत होता. साखर इतकी, की चमचा उभा राहावा. त्यानं कप उचलला आणि पुष्पाबाईंची नजर पाहून खाली ठेवला.

"आसरे, पाव्हण्यांच्या नादात इसरलीस का? माझा बिनसाखरेचा आन."

आसराबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन फिक्का चहा करून आणला. धुळाजीनं तो औषधासारखा गिळला.  पाहुणे गेले तेव्हा होकार देऊन गेले होते.

"आबा, मी काय चोरी केली व्हती का?" अंजू भडकली. "सरळ सांगून टाकायचं."

"सांगू की. लगीन व्हऊ दे, मंग सांगू."

"मंग कवा?"

"धर की जरा दम, अंजे. राजूरचं इसरलीस का?"

अंजूनं बापाचं ऐकलं नाही. साखरपुड्याच्या आधीच तिनं रामेश्वरला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझं काई म्हणणं न्हाई. मायला मी सांगतो, सवडीनं." रामेश्वर पोरगा चांगला, पण त्याला ती सवड काही मिळाली नाही.

साखरपुड्याला सगळ्यांच्या तोंडात पेढा गेला. धुळाजीच्या तोंडाशी आलेला पेढा पुष्पाबाईंनी वरच्या वर अडवला. "ईवायाला नका देऊ, शुगर हाय त्यांना," म्हणून हातावर सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवला. स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्यात धुळाजी कोपऱ्यात बसून खोबरं चघळत राहिला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दात बळकट हायेत अजून."

खोटं एका घरापुरतं राहत नाही. आष्टी ते वाटूर बस दिवसातून कितीदा जाते. बोलणं तिच्यातूनही जातं. म्हणून धुळाजीला सगळीकडंच शुगर पाळावी लागली. लोक काळजीनं वागायचे, तेच त्याला जड जायचं. मेंढरं विकल्यापासून तो मोसंबीच्या तोडणीवर जायचा. कडूबाअण्णांच्या बागेत तोडणी धरायची की नाही हे त्याच्या जिभेवर ठरायचं. दक्षिणेकडच्या फांदीचं एक फळ कापायचं, फोड धुळाजीला द्यायची, आणि तो म्हणाला "आठ दिस थांबा" की व्यापारीसुद्धा थांबायचा. त्या वर्षी अण्णांनी फळ कापलं आणि फोड दुसऱ्याच गड्याला दिली.

"तुला नको रे बाबा. उगी माझ्या बागेत चक्कर येऊन पडशील."

धुळाजीनं एक मोसंबी तळहातावर तोलली, साल नखानं खरवडून हुंगली आणि म्हणाला, "धा दिस." गड्यानं फोड चाखून "आजच तोडा" म्हटलं. अण्णांनी गड्याचं ऐकलं. माल आंबट निघाला. 

लग्न झालं. आता अंजूच्या गोळ्यांचं काय? त्याचीही युक्ती धुळाजीनंच काढली. महिन्यातून एकदा तो वाटूरला लेकीला भेटायला जायचा. जेवण झालं की सगळ्यांसमोर पिशवीतून पाकीट काढायचा, एक गोळी घ्यायचा, पिशवी खुंटीला अडकवायचा आणि निघताना ती विसरून जायचा. पिशवीत महिन्याच्या गोळ्या असायच्या. पुढच्या खेपेला रिकामी पिशवी परत न्यायची, भरलेली विसरायची.

"ईवाई, तुमी तं लईच इसरभोळे," पुष्पाबाई म्हणायच्या. "मंग महिनाभर काय खाता?"

"घरी दुसऱ्या असत्यात की."

असं वर्ष गेलं. अंजू रोज पहाटे शेताच्या वाटेनं दोन कोस चालून यायची. मानेवरचा पट्टा फिका झाला. पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. आसराबाईनं हे सांगितलं त्या दिवशी धुळाजी नुसता "बराबर" म्हणाला आणि टोपी काढून पुन्हा घातली.

दिवाळीनंतर तो सकाळच्या पहिल्याच बसनं वाटूरला गेला तेव्हा अंजू अजून चालून यायची होती. रामेश्वर फाट्यावर गेला होता. घरात पुष्पाबाई एकट्याच. त्यांनी भाकर वाढली. जेवून झाल्यावर धुळाजीनं सवयीनं पिशवीत हात घातला.

"ठेवा ते," पुष्पाबाई म्हणाल्या. "उगी पोट नासवून घेऊ नका."

धुळाजीचा हात पिशवीतच राहिला.

"ईवाई, माझ्या बापाची दोनशे मेंढरं व्हती. सांजच्याला वाड्यात घेताना एक जरी कमी असलं तरी मला कळायचं. खुंटीवरच्या पिशवीतल्या पाकिटातली रोज एक गोळी कमी व्हऊन राह्यली, ते कळणार न्हाई का?"

"कवापास्नं...?"

"तुमी दुसऱ्यांदा पिशवी इसरून गेल्ते, तवापास्नं. उपाशीपोटी गोळी गिळली तवाच शंका आल्ती."

धुळाजीनं पिशवीतला हात बाहेर काढला. "मंग बोलल्या न्हाईत?"

"तुमी बोलताल म्हणून वाट पाहून राह्यले. लेकाचीबी पाह्यली. दोघंबी सारखेच." त्या उठून चुलीपाशी गेल्या. "राग लई आल्ता. मंग पोरीला पहाटं चालताना पाह्यलं. आमच्या मालकांनी एक दिस असं केलं असतं तर..." त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. "तरीबी खोटं ते खोटंच. म्हणून वरीसभर फिक्का च्या पाजला तुमाला. आता फिटलं."

त्यांनी फळीवरचा साखरेचा डबा काढला. धुळाजी मोजत होता. एक चमचा, दोन, तीन. मग पिशवीतली पाकिटं घेऊन त्यांनी देवळीत अंजूच्या फणीशेजारी उघड्यावर ठेवली.

धुळाजीनं चहा बशीत ओतला आणि घोट घेतला. वर्ष-सव्वा वर्षानं जिभेला साखर लागली होती, आणि ती त्याला सोसेना.  इतकं गोड माणूस पितं तरी कसं, असं त्याच्या मनात आलं.

"साखर बराबर झाली का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"एकदम बराबर."

तेवढ्यात अंजू अंगणात आली. घामेजलेली, पदर खोचलेला. दारातूनच तिला उघडा डबा दिसला, देवळीतली पाकिटं दिसली, बापाच्या हातातली बशी दिसली. ती उंबऱ्यातच थांबली. धुळाजीनं तिच्याकडे पाहिलं, दुसरी बशी ओतून घेतली आणि तळाशी राहिलेल्या साखरेसकट ती पिऊन टाकली.