चौदा वर्षांचा तात्पुरता

माझ्यातून वाहणारे पाणी पहाटे सात अंशांचे असते आणि भर उन्हाळ्याच्या दुपारीही सातच. जिनिव्हाच्या सरोवरात खूप खोलवर ऊन पोहोचत नाही, म्हणून. मित्रांनो, तळाचे हे पाणी नळांतून शहरात येते, इमारतींमधली उष्णता स्वतःकडे घेते आणि थोडे कोमट होऊन परत जाते. त्या वाटेवरचा मी एक जुना, बिडाचा व्हॉल्व्ह. माझे चाक उजवीकडे फिरवले की वाट बंद.

किनाऱ्यावरच्या पंपघरात मला बसवले ते एका वृद्धाश्रमासाठी. शेजारचा व्हॉल्व्ह बँकेचा. तिचा करार पक्का होता. आश्रमाचा व्हायचा होता, म्हणून फिटर गास्तों ज्याकिएने माझ्या गळ्यात पट्टी अडकवली : ‘तात्पुरता’. पाणी समितीची पुढची बैठक झाली की ती काढायची होती. पण आमच्या गावात सगळ्यांचे एकमत होईपर्यंत थांबतात. चौदा वर्षे थांबले. मधेच पट्टी गंजली, तेव्हा ज्याकिएने पितळेची करून आणली. शब्द तोच ठेवला.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. शाळेची मुले यायची, माझ्या अंगावरचे थेंब बोटाने पुसायची. पुढे कोणी आले नाही.

मग सरोवरात परक्या, नखाएवढ्या शिंपल्या वाढल्या. नळाच्या तोंडाशी त्यांचा थर बसला आणि पाणी कमी पडू लागले. नळ खरवडण्याचा विषय समितीपुढे गेला आणि तिथेच राहिला. नियम साधा होता : पाणी कमी पडले की आधी तात्पुरत्या जोडण्या बंद. तात्पुरती जोडणी एकच होती.

गेल्या जुलैत मला तीन दिवस बंद ठेवले. माझ्या एका बाजूला सात अंश, दुसऱ्या बाजूला एकतीस. तिसऱ्या दिवशी आश्रमातल्या मादाम गोले गेल्या. कागदावर कारण लिहिले, ‘वार्धक्य’. ज्याकिएने ते माझ्यासमोर मोठ्याने वाचले. मीही म्हातारा आहे, मित्रांनो. वार्धक्य तीन दिवसांत येत नाही.

मला तेल घातले नाहीत तरी चालेल. पण कोणाच्या नावापुढे ‘तात्पुरते’ लिहिलेत, तर ते कधी पुसणार तेही लिहा.

या जुलैत दाब पुन्हा उतरला. ज्याकिए माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पंपघराच्या प्रमुख ओदिल पेरोशे जिना उतरून आल्या.

“फिरवू का, मादाम? नियम तुमचाच आहे.”

“थांबा जरा. समितीला फोन केलाय.”

“काय म्हणतात?”

“सोमवारी बसतो म्हणाले.”

“बसतीलच. त्यांच्या खोलीत गारवा आहे! माझी मावशी आश्रमात तिसऱ्या मजल्यावर आहे. काल विचारत होती, ‘गास्तों, मला काय चीजसारखं वितळवायला ठेवलंय?’”

मादाम हसल्या नाहीत. “बँकेत आत्ता कोण आहे?”

“सगळे डोंगरात सुट्टीला. खुर्च्या गार होतायत.”

त्यांनी दाबाचा काटा पाहिला. ज्याकिएचे हात माझ्या चाकावर होते. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोणी सोमवारची वाट पाहिली नाही.

“याला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “बँकेचा बंद करा. समितीला मी सांगते.”