कोरडी खोली

काटा चाळिसाच्याही खाली होता. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी ती तबकडी, काचेच्या पेटीला आतून चिकटवलेली, आणि तिच्यावरचा तो केसासारखा काटा... त्याने बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं, जसं तो दुरुस्तीला आलेल्या व्हायोलिनच्या पाठीवर करतो, तेव्हा काटा जरासा थरथरला आणि होता तिथेच पुन्हा बसला, निघायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. पेटीतली ओल मोजणारा काटा. साठाच्या वर हवा, कात टाकायच्या वेळी त्याहूनही वर. काका म्हणतात, असं मुलगी सांगते. त्याने भिंतीवरच्या स्वतःच्या जुन्या पितळी तबकडीकडे पाहिलं. तीही तेच सांगत होती. पेटी घरात आली त्या दिवशीच त्याने दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या होत्या, आणि त्या बटणाएवढ्या तबकडीने खोटं बोलावं अशी त्याची फार इच्छा होती. कारण ती दातांच्या डॉक्टरने आणलेली होती.

दातांचा डॉक्टर म्हणजे काका. म्हणजे मुलीच्या आईचा नवरा... ‘नवा नवरा’ म्हणायचे दिवसही आता सरले. मुलगी एक आठवडा तिकडे, एक आठवडा इकडे. आणि गुंडाळी, म्हणजे ही अजगरीण, मनगटाएवढी जाड, भित्री, कुणी दचकवलं की डोकं पोटाशी घेऊन गोळा होणारी, ती मात्र कायम तिकडेच. ती डॉक्टरनेच मुलीला वाढदिवसाला दिलेली. या वेळी तिकडच्या घराला रंग द्यायला काढला, वास तिला सोसणार नाही म्हणून पेटी इकडे आली, आणि पेटीच्या मागोमाग मुलगी, रंग वाळेपर्यंत. फोनवर तो ‘बरं’ एवढंच म्हणाला होता, हातचं राखून. पण फोन ठेवल्यावर त्याने मुलीच्या खोलीतली चादर बदलली, खिडकी पुसली, आणि रंगाला लवकर वाळता येऊ नये असं काहीतरी मनात म्हणाला.

पेटी मात्र तिच्या खोलीत ठेवली नाही. कामाच्या खोलीत ठेवली, आपल्या बाकाशेजारी. ही खोली उबदार आहे, अजगराला ऊब लागते, असं त्याने तिला सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पूर्ण खरं होतं असंही नाही. या खोलीत कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र चालतं, वर्षानुवर्षं चालतं, कारण लाकडाला ओल लागली की सांधे सुटतात, पाठ फुगते, सरस धरत नाही. इथे लाकूड सुखी असतं. ज्याला ओल हवी असा जीव या खोलीत ठेवणं म्हणजे... पण मुलगी तिथे येऊन बसायला लागली ना. अभ्यासाची वही गुडघ्यावर, पाठ पेटीला टेकलेली, अधूनमधून काचेतून आत बघत, अधूनमधून माझ्या हाताकडे. मी चेलोच्या पाठीतली चीर भरत होतो. ते मोठं, मांडीत धरून वाजवायचं वाद्य, पाठीवर उभी चीर गेलेलं. ती विचारायची, हे कशाने चिकटवतोस, आणि वास असा का येतो, आणि सुकायला किती दिवस... बारा वर्षांच्या मुली बापाला असलं काही विचारत नसतात. मी उत्तरं लांबवत होतो.

रोज पाणी फवारायचं काम तिचं. ती पेटीतल्या काथ्याच्या भुशावर, शेवाळावर बारीक फवारा मारायची, काटा चढायचा, ती ‘बघ बाबा’ म्हणायची, आणि शाळेत जायची. मग तो काटा उतरायला लागायचा. सकाळी यंत्राखालची बादली तो मोरीत ओतायचा तेव्हा त्याला कळत असे, हे तिनेच काल फवारलेलं पाणी आहे. पहिल्याच सकाळी कळलं होतं. पेटीच्या जाळीतून निघून खोलीभर फिरून ते या बादलीत येऊन बसलं होतं. बादली ओतताना तो पाण्याकडे बघत नसे. पेटी हलवायची म्हणजे मुलगीही हलणार, आणि चेलोचा सरस अजून ओला होता, यंत्र बंद करता येत नव्हतं. हे दुसरं कारण तो स्वतःला मोठ्याने सांगायचा.

गुंडाळीचे डोळे दुधाळ झाले होते, अंगावर राख फासल्यासारखा रंग चढला होता. म्हणजे आता टाकेल कात, असं मुलगी परवापासून म्हणत होती. काका म्हणतात, नीट ओल असली की एका तुकड्यात निघते, मोज्यासारखी, उलटी होऊन. आज रविवार. मुलगी उठली, तशीच अनवाणी पेटीपाशी आली आणि काचेशी वाकली. त्याने वळून पाहिलं तर गुंडाळीच्या अंगावर कातीचे तुकडे तुकडे चिकटले होते, पावसात भिजून मग भिंतीवर वाळलेल्या कागदासारखे. शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडं आवळलं होतं. आणि दोन्ही डोळ्यांवर जुना पापुद्रा तसाच होता, मळकट. ती दगडाच्या कडेला नाक घासत होती. घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती.

“काकांना फोन करूया,” मुलगी म्हणाली.

थांब, मी बघतो, असं तो म्हणाला. हे म्हणताना आपला आवाज फार शांत लागला याचं त्याला बरं वाटलं. चिकटलेली गोष्ट सोडवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. दोनशे वर्षांची पाठ मी कोमट पाण्याने आणि पातळ पात्याने सोडवतो, लाकडाचा एक कण जात नाही. त्या माणसाला काय येतं... दात उपटता येतात. त्याने बाकावरचा बारीक चिमटा उचलला, गुंडाळीचं डोकं डाव्या हातात धरलं, गार, कोरडं, आणि त्या हातात ते एवढं निमूट पडून राहिलं की त्याला एकदम तिचा राग आला. या एवढ्याशा डोक्याच्या जीवासाठी मुलगी तिकडे संध्याकाळ-संध्याकाळ त्या डॉक्टरबरोबर बसत असेल, दोघांची डोकी काचेशी एकत्र आलेली, काटा बघत... हे चित्र त्याने इतक्यांदा पाहिलं होतं की ते प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही हे विसरायला झालं होतं. चिमट्याचं टोक डोळ्याच्या कडेशी गेलं.

“बाबा, डोळ्याला नाही लावायचं काही. आंधळी होईल ती.”

ती ओरडली नाही. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी तिने त्याच्या हातातून गुंडाळी काढून घेतली, पेटीत ठेवली, आणि फोन घेऊन बाहेर गेली.

भिंतीपलीकडून आवाज येत होता. शब्द सगळे येत नव्हते. त्याने चिमटा जागेवर ठेवला, मग पुन्हा सरळ केला. एक गोष्ट होती त्याच्याकडे, कुणालाही न सांगितलेली, रात्रंदिवस खिशात ठेवलेली: मुलगी त्याला ‘तू’ म्हणते आणि डॉक्टरला ‘तुम्ही’. काका, तुम्ही. बाबा, तू. कितीही भेटी आणा, साप आणा, हत्ती आणा, तो ‘तू’ विकत मिळत नाही. आणि आता भिंतीपलीकडून, रडू आवरत, घाईघाईने: “काका, तू लवकर ये ना.”

तू.

कधीपासून? आजच, घाबरून, चुकून? का कधीचंच आणि माझ्यासमोर फक्त ‘तुम्ही’, मला वाईट वाटू नये म्हणून? दुसरं जास्त लागलं. मुलीने आपल्याला सांभाळून घ्यावं, म्हाताऱ्या आजारी माणसाला घेतात तसं... त्याने यंत्राचा खटका बंद केला. खोलीतली घरघर थांबली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं.

डॉक्टर आला तो कोपरापर्यंत रंगाचे ठिपके घेऊन. दारात थांबून “येऊ ना आत?” असं विचारलं. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. एरवी मुलीला खालीच सोडायचा, गाडीतून न उतरता. बूट काढले तर एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि ते पाहून याला उगीचच सुख झालं, क्षणभरच. मग डॉक्टर कामाच्या खोलीत आला. पेटी बघितली, काटा बघितला, कोपऱ्यातलं यंत्र बघितलं, खालची भरलेली बादली बघितली. त्याला सगळं कळलं. कळलेलं माणसाच्या मानेत दिसतं. आता बोलेल, म्हणून हा वाट बघत राहिला. उत्तर तयार होतं, चेलोचं, सरसाचं. पण डॉक्टर एवढंच म्हणाला की पसरट घमेलं असेल तर बरं होईल, आणि एक जुना टॉवेल.

पाणी कोमट केलं. डॉक्टरने कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. ही आठवण माझी आहे, त्याच्या मनात आलं, त्या बाळाच्या पाण्यात कोपर मी बुडवला होता, तेव्हा तू कुठे होतास... गुंडाळी पाण्यात पसरली. बराच वेळ तिघंही घमेल्याभोवती उकिडवे बसून होते. मग डॉक्टरने ओला टॉवेल सैलसर मुठीत धरला, तिला त्यातून जाऊ दिलं, आणि म्हणाला, “पलीकडून तुम्ही धरा. ओढू नका. तिची तिला जाऊ द्या.” त्याने धरलं. त्या ओल्या कापडातून तिचं अंग सरकत आलं, बरगड्यांची एक सावकाश लाट, आणि कातीचे तुकडे कापडाला लागून राहिले. त्याच्या मुठीतून बाहेर पडली ती तपकिरी-सोनेरी, नव्या वार्निशसारखी ओलसर, आणि हाताला असं काही लागलं की मत्सरही घटकाभर गप्प बसला. शेपटीचं कडं निघालं. एका डोळ्यावरचा पापुद्रा आपसूक गेला. दुसरा राहिला. राहू दे, डॉक्टर म्हणाला, त्याच्या मागे लागू नका. ओल नीट मिळाली की पुढच्या कातीबरोबर जाईल.

मुलगी तिला खांद्यावर घेऊन बसली. डॉक्टर हात पुसत चेलोपाशी गेला, चिरेवरून बोट न लावता नजर फिरवली आणि विचारलं, ही दिसणारच नाही का नंतर? किती खऱ्या कुतूहलाने विचारलं. डॉक्टरच्या चेहऱ्यावर तो शोधत होता, काहीतरी, तिळाएवढं. ज्या माणसामुळे माझ्या पोटात इतकी वर्षं आग पडली त्याच्या पोटात एक निखारा तरी असावा. काही नव्हतं. हेवा करण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलेलं असणार. हवं तर पेटी दवाखान्याच्या वरच्या खोलीत ठेवतो, डॉक्टर म्हणाला, तिथे रंगाचा वास नाही. दोघांनीही मुलीकडे पाहिलं.

“नको. इथेच राहू दे,” ती म्हणाली. त्याने पटकन डॉक्टरकडे पाहिलं. “पण माझ्या खोलीत. इथे कोरडं आहे.”

मग दोघा पुरुषांनी पेटी उचलली. बोळ अरुंद, तो उलट्या पावली चालत होता, डॉक्टर समोरून ‘जरा डावीकडे’, ‘उंबरा आहे’ असं सांगत होता, त्याच्याच घरात. पेटी टेबलावर बसली. मुलीने शेवाळ ओलं केलं, झाकणाची जाळी अर्धी झाकली, आणि दार लावून घेतलं. दार उघडं ठेवलं तर ओल जाते, असं आतून सांगितलं.

जिन्यापर्यंत तो सोडायला गेला. आभार मानायचे होते, त्याऐवजी त्याने डॉक्टरचे बूट पुढे सरकवले. डॉक्टर बूट घालता घालता खाली बघूनच म्हणाला, “तिकडेही असंच. दार बंद. मी बाहेरून विचारतो, काटा किती आला, ती आकडा सांगते. तेवढंच आमचं बोलणं.” नाडी बांधून झाली तरी तो वाकलेलाच राहिला. “फोनवर म्हणाली, इथे तुमच्या बाकापाशी बसते अभ्यासाला. रोज?”

“रोज,” तो म्हणाला.

डॉक्टर ताठ झाला. त्याच्या चेहऱ्यावर आता ते होतं. तिळाएवढं नाही, चांगलं ढळढळीत, डोळ्यांच्या खाली, झाकायचंही सुचू नये असं. मग तो हसला, रंग वाळला की कळवतो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं आणि ते घेऊन तो बोळात उभा होता. गोड लागायला हवं होतं. जे ऐकून त्या माणसाचं पोट जळलं ते बाकापाशी बसणं तर आत्ताच, त्या दोघांनीच, दोन बाजूंनी धरून उचलून, या दाराआड ठेवून दिलं होतं. त्याच्याजवळ नसलेली गोष्ट माझ्याजवळ होती, आणि मला ती टिकवायची होती म्हणून मी एका मुक्या जीवाचं कातडं वाळवलं... असं वाक्य मनात पूर्ण व्हायला लागलं तसं त्याने ते मध्येच सोडून दिलं. दाराआडून मुलीचा आवाज येत होता. ती अजगराशी बोलत होती, अगदी हळू. तिचं हे बोलणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. बापाशी बोलायचा आवाज नव्हे, काकांशी बोलायचा नव्हे, आईशीही नव्हे. मध्येच हसली. कशाला हसली, काय सांगत होती, त्या एका डोळ्याने बघणाऱ्या, कान नसलेल्या जीवाला...

तोच जुना, ओळखीचा हेवा जागा झाला. पण आता त्याला डॉक्टरचा चेहरा नव्हता, आणि चेहरा नसल्यामुळे त्याचं काय करायचं ते कळेना. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आत्ताच, आणि सांगितलं तर समजेल असं कोण, म्हणून मनात माणसं शोधताना तो एकाच माणसापाशी येऊन थांबला. तो माणूस खाली गाडी सुरू करत होता. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत तो ऐकत राहिला. मग बंद दाराजवळ जाऊन, आवाज शक्य तितका साधा ठेवून, त्याने विचारलं, काटा किती आला.

आतलं बोलणं थांबलं.