परवान्यासाठी किसलेला वासाबी

विषय : तोकुजी यांच्या वाहन-परवान्याचे नूतनीकरण आणि त्याकामी झालेला माझ्या अर्ध्या अंगाचा वापर.

उपरोक्त विषयी निवेदन करणारा मी, जपानातल्या इझूच्या डोंगरातला वासाबीचा, म्हणजे किसून खायचा झणझणीत हिरवा, कंद. सध्या अर्धाच आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये आहे आणि घाबरलेला आहे.

थंड वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांत मी वाढलो. मला पिकवणारे तोकुजी रोज छोटा ट्रक घेऊन वर यायचे, पाटात अडकलेला पाला काढायचे, हरणांनी मोडलेले कुंपण बांधायचे. माझ्या अंगाला फुटलेली रोपे अजून तिथेच आहेत. ट्रक थांबला की पाण्याची वाट बुजेल आणि पोरे कुजतील. मला धास्ती आहे ती याची.

पंच्याहत्तरी उलटली की परवान्यासाठी स्मरणाची परीक्षा असते. चित्रे दाखवतात, मध्येच दुसरे काम देतात, मग चित्रे विचारतात. तोकुजी हल्ली गमबूट घालून गमबूट शोधतात.

त्यांच्या पत्नी सुमिए यांनी कुठेतरी वाचले : साठीपुढच्या धडधाकट माणसांना माझ्यातले एक द्रव्य बरेच आठवडे दिले, आणि त्यांची स्मरणशक्ती काहीशी सुधारली. प्रयोग लहान होता. एका घासात सुधारते असे कोणीच म्हटले नव्हते. पण बाईंनी तेवढे पुढचे वाचले नसावे. उत्तम कंद विकायचा आणि आपण देठांचे लोणचे खायचे, हा त्या घरचा शिरस्ता. तो त्यांनी माझ्यासाठी मोडला. एवढा मान मिळाल्यावर मला कापरेच भरले.

माझा तिखटपणा किसल्याशिवाय तयार होत नाही, आणि झाला की लगेच उडू लागतो. म्हणून परीक्षा-केंद्राच्या आवारात, ट्रकमध्येच, बाईंनी शार्कच्या कातड्याची किसणी मांडीवर घेतली. हसतमुखाने किसायचे ही आमच्याकडची रीत. रागात हात जड पडतो.

“हस की गं.”

“हसतेच आहे. तुम्ही आधी थरथरायचं थांबा, ट्रक हलतोय.”

“इंजिन चालू आहे म्हणून हलतोय!”

“बंद आहे. मघाशी तुम्हीच केलंत.”

तोकुजींनी सुपारीएवढा गोळा तोंडात टाकला आणि आत गेले.

परतले तेव्हा डोळे लालबुंद.

“काय हो, आठवली चित्रं?”

“दिसलीच नाहीत! डोळ्यांना नुसती धार. परीक्षक विचारतो, आजोबा, घरी काही वाईट झालं का?”

“मग?”

“हो म्हटलं. वासाबी खाल्ला सांगू? पिकवणाऱ्यालाच झेपत नाही म्हणून हसला असता!”

बाई हसल्या, आणि एकाएकी थांबल्या. “पण डोळ्यांतल्या पाण्यामुळेच दिसली नाहीत ना?”

“असणार,” तोकुजी म्हणाले.

गुण कमी पडले. आता स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागितला आहे. उरलेला मी त्या दिवसासाठी राखून ठेवला आहे, असे बाई फ्रिज उघडून मला रोज सांगतात. नम्र विनंती, की मला जेवणात चवीपुरते खावे. एका म्हाताऱ्याची आठवण आणि एक डोंगर माझ्या एकट्यावर सोपवू नये.

जुन्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपते. डॉक्टरांनी अद्याप वेळ दिलेली नाही. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे.