पूर्ण सहमत

मेधाताईला ताई म्हनायचं मी आजपास्नं सोडलंय. मॅडम म्हनीन, न्हाईतर कायबी म्हननार न्हाई.

सुस गावातल्या आमच्या विमा कंपनीच्या शाखेत मी सात वर्सं क्लेमच्या फायली बघतीया. सातबी वर्सं कंत्राटावर. एजन्सी दर वर्साला नवा कागद पुढं करती, मी सही करती. मेधाताई शाखेची मॅनेजर. आली तवाच म्हनली, "मोनाली, मॅडम नको, ताई म्हण. आपण इथे एक कुटुंब आहोत." मला लई बरं वाटलं. तवापास्नं दर वर्साला आमच्या कोळवण गावचा, घरचा इंद्रायणी तांदूळ मी तिच्या घरी पोचवलाय, तिच्या डब्यात सोताच्या हातानं वतून दिलाय.

जानेवारीत तिनं मला केबिनमधी बोलावलं. चांगल्या कंपनीचं सर्टिफिकेट देनारी मानसं आमाला मोबाईलवर प्रश्न धाडनार व्हती. पगार बरोबर हाय का, सगळ्यांना सारखा न्याय हाय का, असलं. नाव लिवायचं नव्हतं.

ती म्हनली, "बाहेरच्यांपुढे घरचं उणं काढू नये गं. शाखेला पैकीच्या पैकी मिळू देत, एप्रिलमध्ये तुला परमनंट करते. माझा शब्द."

आमच्याकडं पोरगी बघाय पावनं आलं की रोज भांडनाऱ्या सासू-सुनाबी हसून च्या देत्यात. मला वाटलं, ह्ये तसलंच. "पगार योग्य आहे" म्होरं मी "पूर्ण सहमत" दाबलं. धडधडीत खोटं! दोन वर्सांमागं कंत्राटावरच आल्याल्या ओमला काम मी शिकवलं, आनि त्याला माज्यापरीस आठ हजार जास्ती हायेत.

रामदास काय तयार हुईना. तो घोटावड्याचा, माज्याच टेबलाला, माज्यासारखाच कंत्राटी. "मी खरं तेच लिवनार," म्हनला. "नाव न्हाई तर भ्या कशाचं?"

दोन दिवस मी त्याच्या मागं लागले. "आरं, शाखेचं नाव झालं तर आपल्या सगळ्यांचंच भलं हुईल. माज्यावर इस्वास हाय ना?"

शेवटी त्यानं मोबाईल माज्या हातात दिला. "मग तूच दाब." मी दाबलं.

सर्टिफिकेट आलं. केक कापला. आनि आज सकाळी कळलं, ओम परमनंट झाला.

मी तडक केबिनमधी घुसले. "ताई, तुमी शब्द दिला व्हता!"

तिनं लॅपटॉप माज्याकडं फिरवला. "बघ, नऊपैकी नऊ जणांनी लिहिलंय, पगार योग्य आहे. मग मोनालीवर अन्याय होतोय असं हेड ऑफिसला कुठल्या तोंडाने सांगू?"

"पन तुमीच तसं लिवाय सांगितलं!"

"मी? मी मनापासून लिहा म्हटलं होतं. जाताना दार लाव."

आग आग झाली जिवाची. मुडदा बशिवला तिचा! ज्या तोंडानं माज्या घरचा भात खाल्ला त्याच तोंडानं बोलती! केसानं गळा कापला की माजा.

जेवायच्या सुट्टीत रामदासला सगळं सांगितलं. रडले, शिव्या घातल्या. मला वाटलं, आता ह्योबी तिला दोन हासडील.

"तुला परमनंट करायचं जानेवारीतच ठरलं व्हतं?" त्यानं इचारलं.

"व्हय."

"आनि मला काय सांगितलंस?"



रामदासनं हातातला घास परत डब्यात ठेवला. डबा उचलला, आनि पलीकडं ओमच्या शेजारी जाऊन जेवाय बसला.