सगळ्यांसमोर घेतलेला घास

"आज भाजी काय करायची?" हा सवाल कुणाच्या घरात उठत नाही? लातूरच्या औसा रोडला राहणाऱ्या दामिनीच्या घरात तर तो दिवसातून दोनदा उठायचा. नवरा संगमेश दुकानाला निघायच्या घाईत "काहीही कर" म्हणायचा, आठवीतली अक्षरा "भेंडी सोडून काहीही" म्हणायची, आणि सासूबाई गुरम्मा नुसत्या हसायच्या. शेवटी दामिनीनंच तोड काढली. ओळखीपाळखीच्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप केला आणि नाव ठेवलं 'आज काय रांधलं?'. ज्या त्या बाईनं आपल्या स्वयंपाकाचा फोटो टाकायचा, कृती सांगायची, एखादीचं बिघडलं तर सगळ्यांनी मिळून का बिघडलं ते शोधायचं.

बघता बघता एकोणीस जणी झाल्या. कुणाच्या धपाट्यांना लसूण जास्त, कुणाची पुरणपोळी फुटली, कुणाच्या आंबाडीच्या भाजीला तेलाची धार कमी पडली, दिवसभर चर्चा चालायची.

त्यात विशाखा आली. ती पोस्टात नोकरीला होती आणि नायगावहून बदली होऊन नुकतीच लातूरला आली होती. पत्र रजिस्टर करायला गेलेल्या दामिनीशी तिची खिडकीपाशी ओळख झाली, बोलणं भाज्यांवर गेलं, आणि दामिनीनं तिला तिथंच ग्रुपमध्ये घेतलं. विशाखाच्या हाताला फार गोडी होती आणि सांगण्यालाही. 'दोन चमचे, तीन चमचे' असं ती कधी लिहायची नाही. 'पीठ कानाच्या पाळीएवढं मऊ झालं की थांबा', असं लिहायची. तिच्या कृतीनं केलेली आमटी संगमेशनं वाटी तोंडाला लावून प्यायली, तेव्हा दामिनीनं तिला तिथल्या तिथं फोन लावला.

"विशाखाताई, तुम्ही आमच्या घरात जादू करून राहिलात बघा!"

"काय जादू ओ, येसराचा मसाला जरा जास्त भाजायचा, एवढंच."

रोजचे फोन सुरू झाले. भाजीवरून सुरू झालेलं बोलणं पोरांच्या अभ्यासावर, मग सासर-माहेरावर जायचं. चाळिशीला आलेल्या दामिनीला कितीतरी वर्षांनी मैत्रीण मिळाली होती.

मे महिन्यात ग्रुपची अंगतपंगत ठरली. प्रत्येकीनं एक पदार्थ करून आणायचा आणि दामिनीच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून जेवायचं. दामिनीनं विशाखाला हक्कानं सांगितलं, "तुम्ही शेंगोळीच आणायची. कुळथाची. फोटोत बघून बघून जीव गेलाय माझा."

"आणते की! माझी आई आलीय गावाकडून. शेंगोळी तिच्यासारखी कुणी वळत न्हाई."

अंगतपंगतीच्या आधी सहा दिवस बुद्ध पौर्णिमा आली. विशाखानं ग्रुपवर खिरीचा फोटो टाकला. मागं फुलांनी सजवलेली बुद्धमूर्ती होती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. एरवी विशाखाच्या फोटोखाली रांग लागायची. त्या दिवशी ग्रुप गप्प राहिला. कुणी खिरीत गूळ घातला की साखर, तेसुद्धा विचारलं नाही. फक्त दामिनीनं 'छान' लिहिलं.

तासाभरात शिवकांताकाकूंचा फोन आला. काकू ग्रुपात वयानं मोठ्या, त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"दामिनी, त्या नायगावच्या बाईला घेताना काही इचारलं न्हाईस का गं?"

"काय विचारायचं काकू?"

"आता फोटोबिटो ठीक हाय. पण गच्चीवर जेवायचं म्हणजे... त्यांच्यात खारं, मटणबिटण शिजतं. आपण लिंगायत माणसं. तू सुज्ञ हायेस."

दामिनीनं "बघते" म्हणून फोन ठेवला. तिला त्या बोलण्याचा राग आला होता. पण राग गिळून गप्प बसायची सवय तिला त्याहून जुनी होती.

रविवारी संध्याकाळी गच्ची भरली. सतरंज्या अंथरल्या, मधे ओळीनं डबे मांडले. विशाखा हिरवं काठपदराचं लुगडं नेसून आली. तिच्या हातात मोठा स्टीलचा डबा, वर स्वच्छ पांढरा रुमाल बांधलेला. झाकण उघडलं तसा लसूण-जिऱ्याच्या फोडणीचा वास गच्चीभर पसरला. वास सगळ्यांना आला. पण पळी डब्याकडं कुणाचीच वळली नाही. एकीनं म्हटलं, "मला कुळीथ गरम पडतं." दुसरी म्हणाली, "आधी भात घेते, मग बघू." धपाटी संपली, दहीभात संपला, शेंगोळीचा डबा काठोकाठ तसाच.

विशाखाला कळत होतं. तरी ती हसतमुखानं पळी घेऊन दामिनीपाशी आली. "तुमच्यासाठी केलीत, दामिनीताई. ताट करा पुढं."

दामिनीनं मान वर केली. समोर शिवकांताकाकू बघत होत्या. बाकीच्याही बघत होत्या. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझा आज उपवास हाय ओ."

क्षणभर पळी हवेत राहिली.

"हां," विशाखा हळू म्हणाली. "असू द्या. असू द्या."

ती खाली बसली, आपल्या ताटातलं संपवलं, सगळ्यांचा निरोप घेतला आणि भरलेला डबा रुमालात बांधून जिना उतरून गेली.

"आई," सतरंज्या खाली आणून अंगणात झाडताना अक्षरा म्हणाली, "तुझा कुठला उपवास? मघाशी तर तू काकूंसोबत धपाटं खाल्लंस, ठेच्यासंगं!"

दामिनी सतरंजीची घडी घालत राहिली. दारापाशी खुर्चीत बसलेल्या गुरम्मांनी मात्र भरलेला डबा जाताना बघितला होता, आणि आता नातीचं बोलणंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गुरम्मा स्वयंपाकघरात आल्या. गुडघे धरत पाटावर बसल्या.

"काल शेंगोळी का खाल्ली न्हाईस?"

"अव्वा, काकू म्हणल्या, त्यांच्यात खारं शिजतं..."

"संगमेश हॉटेलातून पनीर आणतो तवा तिथली कढई कुणाची, पोळ्या कुणी लाटल्या, इचारतीस?" गुरम्मांचा आवाज चढला नव्हता. "भिंतीवर बसवण्णाचा फोटो लावलाय. त्यांनी जात मोडायला जन्म घालवला, आणि आपण त्यांच्याच फोटोखाली बसून जात सांभाळायची?"

दामिनीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मी तुला शहाणपण शिकवून ऱ्हायले, पण माझं पाप ऐक," गुरम्मा म्हणाल्या. "भूकंपात आमचं किल्लारीचं घर बसलं. माझी सासू गेली, दीर गेला. संगमेश आठ वर्साचा होता. तीन दिवस पोरगं बोललं न्हाई, घास घेतला न्हाई. शेजारच्या गावातून भीमाबाई म्हणून एक बाई भाकरी घेऊन यायची. बौद्धवाड्यातली. तिनं त्याला मांडीवर घेतलं, पिठलं-भाकरी कुस्करून भरवली. पोरगं तिच्या हातानं पहिल्यांदा जेवलं. तवा कुणी जात इचारली न्हाई. कुणाची हिंमत होती?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"दोन वर्सांनी नवीन गावात घरं मिळाली. भीमाबाई पोराला बघायला आली. संगं शेंगदाण्याचे लाडू. तोवर आमचं सगळं पुन्हा जागेवर आलं होतं. भिंती आल्या, तशी जातबी आली! मी तिला ओट्यावर बसवलं आणि वेगळ्या कपात चहा दिला. तिनं चहा पिला, कप धुतला, पालथा घातला, आणि गेली. पुन्हा आली न्हाई. मी दोनदा तिच्या गावात चौकशी केली. कुणी म्हणालं पुण्याला गेली, कुणी म्हणालं वारली. तीस वर्सं झाली दामिनी, मला तिची माफी मागायची हाय आणि मागायला माणूस न्हाई. तुझं माणूस हितंच चार गल्ल्या पलीकडं हाय. जा!"

त्या संध्याकाळी दामिनी विशाखाच्या दारात उभी राहिली. दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. सुरकुतलेला चेहरा, डोळ्यांत कौतुक.

"जय भीम! या या बाई. तुमीच न्हवं का दामिनी? लेक लई नाव काढती तुमचं. मी तिची आई, सरजाबाई." त्यांनी तिला हाताला धरून आत बसवलं. विशाखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

सरजाबाईंनी विचारलं, "कशी झाल्ती शेंगोळी? संधिवातानं बोटं वळत न्हाईत आता. पण म्हणलं, लेकीच्या मैतरणीनं मागितलीत. दुपारभर बसून वळली. आवडली का?"

दामिनीनं विशाखाकडं पाहिलं. विशाखानं मान किंचित हलवली. आईला काही सांगू नका, असं जणू ती म्हणत होती. 'आवडली' म्हणणं किती सोपं होतं! म्हातारी खूश झाली असती, चहा झाला असता, सगळं वरवर नीट झालं असतं.

"मावशी," दामिनी म्हणाली, "मी खाल्लीच न्हाई. कुणीच खाल्ली न्हाई. तुमची जात बघितली आम्ही. आणि मी तर खोटं बोलले, उपवास हाय म्हणलं."

 सरजाबाईंनी आपली वाकडी झालेली बोटं एकमेकांत गुंतवली.

"डबा भरून आला तवा ही म्हणली, जास्तच केल्ती," त्या अगदी हळू बोलल्या. "मला वाटलं व्हतं बाई... पोरगी शिकली, नोकरीला लागली, मोठ्या गावात आली. आता तरी संपलं असंल."

दामिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला वाढा मावशी. काही असेल ते वाढा. मी आत्ता खाते."

"नाही," विशाखा पहिल्यांदा बोलली. ती जवळ येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "दामिनीताई, काल तुमच्या बोटाला ठेच्याचा लाल रंग होता. तो बघूनच मी 'असू द्या' म्हणलं. तुम्ही माझ्या घरात, दार लावून खाल्लं तर तुमचं मन हलकं होईल. माझं काय? डबा तिथं सगळ्यांसमोर भरलेला राहिला. खायचं तर सगळ्यांसमोर खा. आणि आमच्यावर उपकार म्हणून खाऊ नका. भूक लागली म्हणून खा, आवडतं म्हणून खा."

दामिनीनं डोळे पुसले. "खाते," ती म्हणाली.

घरी जाऊन तिनं ग्रुपवर लिहिलं, 'रविवारी माझा उपवास नव्हता. विशाखाताई बौद्ध आहेत म्हणून मी त्यांच्या हातचं खाल्लं नाही आणि वर खोटं बोलले. मला लाज वाटते. येत्या रविवारी पुन्हा अंगतपंगत आहे. शेंगोळी आहेत. ज्यांना यायचं त्यांनी यावं.'

शिवकांताकाकू ग्रुप सोडून गेल्या. त्यांच्यामागं आणखी चौघी. पण दुसऱ्या काहीजणींचे फोन आले. कुळीथ गरम पडतं म्हणणारी प्रियंवदा फोनवर रडली. "मी तर कुळथाचं माडगं रोज पिते गं," ती म्हणाली.

रविवारी दुपारी दामिनी आणि अक्षरा विशाखाच्या घरी गेल्या. सरजाबाईंनी पीठ मळून घेतलं, आणि त्या सांगतील तशा तिघी वळायला बसल्या. दामिनीची पहिली दहा शेंगोळी तुटली. "दाबू नगं, नुसती फिरीव," सरजाबाई म्हणाल्या, आणि तिचा हात आपल्या हातात धरून फिरवून दाखवला.

संध्याकाळी गच्चीवर आठजणी आल्या. ज्या गुरम्मा वर्षभर जिना चढल्या नव्हत्या, त्या नातीच्या खांद्यावर हात ठेवून, पायरीपायरीला थांबत वर आल्या आणि सरजाबाईंच्या मांडीला मांडी लावून बसल्या. दोन म्हाताऱ्या एकाच ताटात जेवल्या. गुरम्मांना भीमाबाईंची आठवण आली असावी, कारण मधेच त्यांनी सरजाबाईंची वाकडी बोटं हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत. दामिनीनं मात्र कुणाकडंच न बघता तीन वेळा वाढून घेतलं.

"चव कशी हाय?" विशाखानं विचारलं.

"मीठ जरा कमी पडलंय," दामिनी म्हणाली.

विशाखा खळखळून हसली. उपकाराच्या जेवणात कुणी मीठ कमी म्हणत नाही. हे मैत्रिणीचं जेवण होतं!

पंधरा दिवसांनी शिवकांताकाकूंचा निरोप आला, 'आमच्या ह्यांना शेंगोळी खायची आहेत. कृती पाठव.' दामिनीनं उत्तर लिहिलं, 'कृती विशाखाताईंची आहे, काकू. त्यांना विचारा. किंवा जेवायलाच या.' काकूंचं अजून उत्तर आलेलं नाही. येईलही.

वाचकहो, आपण एकमेकांच्या ताटांचे फोटो बघतो, वाहवा करतो, कृती उतरवून घेतो. पण तो पदार्थ रांधणारा हात समोर आला की आपल्यातल्या कितीजणांना अचानक उपवास आठवतो! कुणाला कुळीथ गरम पडतं, कुणी आधी भात घेतं. ही साधी दिसणारी कारणंच आज अस्पृश्यता पाळतात. भूकंपानं भिंती पडल्यावर माणूस म्हणून जेवणं अवघड नाही. भिंती शाबूत असताना, चारचौघांच्या देखत, शेजारणीच्या डब्यात हात घालणं, तिथंच आपली परीक्षा आहे. आणि ती देण्यासाठी कुठं लांब जावं लागत नाही. आपल्या शेजारच्या घरात आज काहीतरी शिजत असेलच. जाऊन म्हणावं, "मलाही वाढा."